वसुधामावशीनं न केलेलं भाषांतर

विंटर टायर काढून घ्यायला टोरोंटोजवळच्या मिल्टनमधल्या एका गॅरेजात गाडी दिली होती. वेटिंग रूममधल्या कॉफीच्या मशीनशी माझी झटापट चालली होती, तेवढ्यात फोन वाजला. निखिल, वसुधामावशीचा मुलगा. तो व्हँकूवरला असतो आणि एरवी मेसेज करतो, फोन कधीच करत नाही. त्यामुळे स्क्रीनवर नाव दिसलं तसा कप मशीनखालीच सोडून मी फोन घेतला. "मधुराताई, आई गेली..." तो म्हणाला आणि लगेच इंग्रजीत शिरला. रडू आलं की त्याचं मराठी संपतं. "शी वॉज इन हर चेअर. द टी वॉज स्टिल वॉर्म, दे सेड." मी काय बोलले ते आठवत नाही. मेकॅनिक बाहेर येऊन विचारत होता की काढलेले टायर ट्रंकमध्ये ठेवू की मागच्या सीटवर, आणि मी त्याला दोन्हींना हो म्हणत होते.

त्याला आता काही आठवडे झाले. अंत्यसंस्काराला टोरोंटोतली बरीच मराठी मंडळी आली होती. त्यांच्या लेखी ती गणपतीत मोदकांना सुरेख कळ्या पाडणारी, मंडळाच्या कार्यक्रमात मागच्या रांगेत बसून सगळ्या गाण्यांना मान डोलावणारी वसुधाताई. "लायब्ररीत नोकरी होती ना त्यांची?" असं एका काकूंनी मला तिथेच विचारलं. मी हो म्हटलं. तेवढ्या गर्दीत आणखी काय सांगणार? पण घरी आल्यापासून तो "हो" मला टोचतो आहे. माझ्या पाहण्यात इतकं थक्क करणारं माणूस दुसरं आलं नाही, आणि तिनं आयुष्यभर काय केलं हे तिच्या ओळखीच्या निम्म्या लोकांना ठाऊक नाही. म्हणून लिहायला बसले.

मावशी माझी सख्खी मावशी नव्हे. माझ्या आईची पुण्यातली कॉलेजातली मैत्रीण. मी नागपूरहून टोरोंटोला बँकेच्या आयटी विभागात नोकरीला आले, तेव्हा आईनं तिला फोन केला आणि मावशीनं मला तिच्या इटोबिकोच्या घराची बेसमेंट देऊन टाकली. डॉक्टरकाका, म्हणजे तिचे यजमान, त्याआधीच गेले होते. वर ती एकटी, खाली मी. पहिल्याच रविवारी तिनं जेवायला वर बोलावलं. मुगाची खिचडी, तूप, भाजलेला पापड. मी सहज विचारलं, "मावशी, तुम्ही नक्की काय काम करत होता?" ती म्हणाली, "नाझींचे सिनेमे बघत होते गं. अजूनही बघते." आणि पापड मोडून माझ्या पानात ठेवला.

ती हकीकत तिच्याकडून मी तुकड्यातुकड्यांनी ऐकली. तिचे वडील रसायनशास्त्राचे प्राध्यापक. त्यांच्या पिढीत रसायनशास्त्र शिकायचं तर जर्मन यायला हवं अशी समजूत होती, म्हणून त्यांनी लेकीला शाळेपासूनच जर्मनच्या वर्गाला घातलं. लेक रसायनशास्त्राकडे गेली नाही, पण जर्मन तिच्या अंगात मुरलं. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला डॉक्टरकाकांबरोबर ती इकडे आली. निखिल शाळेत जायला लागल्यावर एका विद्यापीठाच्या फिल्म-संग्रहात टायपिंगचं काम मिळालं. तिथे एक ट्रंक येऊन पडलेली होती. युद्धानंतर कुणा कॅनेडियन अधिकाऱ्यानं जर्मनीहून आणलेली, त्याच्या मागे घरच्यांनी देऊन टाकलेली. आत सिनेमाची रिळं. डब्यांवरचं जर्मन वाचायला कुणी नव्हतं. टायपिस्ट बाईनं वळून पाहिलं आणि वाचून दाखवलं. मग ती रिळं बघून आत काय आहे ते इंग्रजीत लिहायचं कामही तिच्याकडेच आलं.

ती रिळं होती युद्धकाळातली, मुलांसाठी आणि तरुणांसाठी मुद्दाम बनवलेली. रविवारी सकाळी मुलांना रांगेनं थिएटरात न्यायचं, आधी सगळ्यांनी मिळून गाणी म्हणायची आणि मग सिनेमा. लहान गावांत थिएटर नसलं तर गाडीतून पडदा आणि प्रोजेक्टर यायचे. जुन्या फिल्मला व्हिनेगरसारखा वास सुटतो. तो वास मावशीच्या कपड्यांना, केसांना लागायचा. डॉक्टरकाका म्हणायचे, "आलीस का लोणच्याच्या कारखान्यातून?"

"मला वाटलं होतं, आत आरडाओरडा असेल," मावशी सांगायची. "द्वेष, धमक्या. तसलेही सिनेमे होते, अगदी विषारी, पण ते वेगळे. या ट्रंकेतल्या रिळांत काय होतं सांगू? नदीत पोहणारी मुलं. गव्हाची शेतं. शेकोटी. ग्लायडर उडवायला शिकणारा एक पोरगा, त्याला हात देणारा दुसरा. स्वच्छ धुतलेले चेहरे. आणि मागून एक प्रेमळ आवाज सांगतो, आम्हाला तू हवा आहेस. बस. एवढंच. अगं, पंधरा वर्षांच्या मुलाला आणखी काय ऐकायचं असतं?"

पहिल्यांदा एकटीनं त्या छोट्या पडद्यावर हे बघताना मावशीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. हे ती लपवायची नाही. पुढचं तर तिनं कित्येकदा, भर सभेत सांगितलं आहे. एके दिवशी ती पोळ्या लाटत होती. डॉक्टरकाका बाजूला पेपर वाचत होते. ते म्हणाले, "छान आहे चाल. कुठलं गाणं?" तेव्हा मावशीच्या लक्षात आलं की ती गुणगुणत होती ती त्या फिल्ममधली, मुलांची कूच करतानाची चाल. "लाटणं हातातच राहिलं," ती म्हणायची. "मला सगळं माहीत होतं. त्या लोकांनी काय केलं, किती माणसं मारली, सगळं वाचलेलं. जन्माला पुण्यात आलेली, वरण-भात खाणारी मी बाई. आणि तरी ते गाणं माझ्यात शिरलं होतं. मग त्या पोरांचं काय झालं असेल?"

त्या पोळ्यांपासून तिचं खरं काम सुरू झालं असं मला वाटतं. नोकरी संपली, पेन्शन सुरू झाली, तरी ती आठवड्यातून एकदा संग्रहात जायची आणि कुणी बोलावलं की शाळेत, सार्वजनिक लायब्ररीत, चर्चच्या हॉलमध्ये त्यातला एखादा सिनेमा दाखवायची. नेसलेली साडी, वर टोपीचा जाड कोट, पार्का, पायात बर्फाचे बूट. आधी भाषण नाही, सूचना नाही. नुसती फिल्म. मग विचारायची, "कुणाकुणाला आवडली?" अर्थातच एकही हात वर यायचा नाही. नाझींची फिल्म आवडली म्हणून हात कोण वर करणार? तेव्हा ती स्वतःचा हात वर करायची. "मला आवडली होती," म्हणायची. सगळं सभागृह चपापायचं. आणि मग हळूच, एखाद्या कोपऱ्यातून, आणखी एक हात वर यायचा.

मराठी मंडळात एका गृहस्थांनी तिला टोकलं होतं, "वसुधाताई, तुम्ही म्हणे नाझींचे सिनेमे मुलांना दाखवता?" ती शांतपणे म्हणाली, "हो. आणि चांगली प्रिंट असेल तीच दाखवते. खराब प्रिंट दाखवली तर मुलांना वाटतं, आपण असल्याला फसलो नसतो." आजच्या काळाशी तुलना करा, या देशाशी करा, त्या पक्षाशी करा, असा आग्रह पुष्कळांनी केला. ती कधी करायची नाही. "तुलना तुमची तुम्ही करा. मी फिल्म दाखवते."

डीटरचा फोन आला तेव्हा मी तिच्या घरी राहायला येऊन काही वर्षं झाली होती. माझं लग्न झालं होतं, मिल्टनला टाउनहाउस घेतलं होतं, पण शनिवारी मी तिच्याकडे जायचेच. फोनवर एक म्हातारा माणूस. टोरोंटोजवळ वॉनला त्याचं फर्निचरचं वर्कशॉप होतं, आता निवृत्त. त्यानं लायब्ररीतल्या कार्यक्रमाची जाहिरात बघितली होती. त्याच्या लहानपणी त्याच्या गावात अशाच एका फिल्मचं शूटिंग झालं होतं, त्यात त्याचा मोठा भाऊ होता, ती फिल्म तुमच्याकडे असण्याची शक्यता आहे का, असं तो इंग्रजीत विचारत होता. मावशीनं त्याला जर्मनमध्ये उत्तर दिलं. मग तो म्हणाला, "बाई, तुम्ही माझ्या शाळेतल्या हेडमास्तरांसारखं जर्मन बोलता." ती खळखळून हसली. पुण्यात पुस्तकातून शिकलेलं जर्मन ते!

त्यानं गावाचं नाव सांगितलं, स्टेशनचं वर्णन केलं, प्लॅटफॉर्मवरचं घड्याळ कसं होतं ते सांगितलं. मावशीला सगळी रिळं पाठ. ट्रंकेत ती फिल्म होती.

बर्फ फार पडलं होतं म्हणून त्या शनिवारी मी तिला गाडीनं घेऊन गेले. वाटेत ती हातमोजे काढत होती, पुन्हा घालत होती. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "तो मुलीबरोबर येणार आहे. मुलीला जर्मन येत नाही. काल पुन्हा फोन करून म्हणाला, माझा भाऊ फिल्ममध्ये एक वाक्य बोलतो, ते काय आहे हे कृपा करून तिला सांगू नका."

"मग? तिनं विचारलं तर?"

"तोच विचार करतेय गं." वायपर काचेवरचं बर्फ इकडून तिकडे ढकलत होते. "मी आजवर कुणाला चुकीचं भाषांतर करून दिलेलं नाही, मधू."

संग्रहातली ती खोली लहान, बिनखिडकीची. डीटर सूट-टाय घालून आला होता, लग्नाला आल्यासारखा. उंच, किंचित वाकलेला, सुताराचे मोठे हात. त्याची मुलगी इंग्रिड पन्नाशीची, दातांच्या दवाखान्यात काम करणारी, बोलकी. "डॅड तीन रात्री झोपले नाहीयेत," ती आम्हाला म्हणाली. "रुडीकाकाचा एक फोटोही नाही आमच्याकडे. युद्धात घर सोडून पळावं लागलं, तेव्हा सगळं राहून गेलं. मी त्याचा चेहराच बघितलेला नाही." मावशीनं प्रोजेक्टरवर फिल्म चढवली, दिवा घालवला.

ढोल. शेतं. धुतलेले चेहरे. मग स्टेशन. डब्याच्या दारात एक मुलगा उभा, तेरा-चौदा वर्षांचा, नाकावर ठिपके, डोकं जरासं कलतं करून असा हसत होता की मलाही हसू आलं. खाली उभी असलेली बाई, ही त्याची सिनेमातली आई, डोळे पुसते. तो वाकून तिला काहीतरी म्हणतो, पुन्हा हसतो, आणि गाडी हलते.

डीटरच्या घशातून आवाज आला. शब्द नव्हता तो. इंग्रिडनं त्याचा दंड धरला. "दॅट्स हिम? डॅड, दॅट्स रुडी?" तो मान हलवत राहिला. "काय म्हणाला तो? व्हॉट डिड ही से?" डीटर पडद्याकडेच बघत राहिला. मग ती, अगदी साहजिकच, मावशीकडे वळली. "मिसेस आपटे, यू नो जर्मन. काय म्हणाला माझा काका?"

मावशीनं प्रोजेक्टर थांबवला. डीटर तिच्याकडे बघत होता. त्या नजरेत विनवणी होती, भीतीही होती, आणि आणखी काहीतरी होतं, जे मला तेव्हा कळलं नाही... आज वाटतं, कुणीतरी आपल्याला यातून सोडवावं असंच ते होतं. मावशी म्हणाली, "तो काय म्हणाला ते मला कळलंय, इंग्रिड. मी तुझ्याशी खोटं बोलणार नाही. पण मी ते सांगणारही नाही. ते वाक्य तुझ्या वडिलांचं आहे. त्यांना नको असेल तर आपण फिल्म डब्यात ठेवू आणि खाली जाऊन कॉफी घेऊ." मग ती डीटरला जर्मनमध्ये काहीतरी बोलली. छोटंसं. नंतर मी तिला विचारलं तेव्हा म्हणाली, "एवढंच म्हटलं, की मला घाई नाही."

आणि ती खरोखरच थांबली. हीटर टकटक करत होता. मी तिच्या जागी असते तर काहीतरी बोलून ती शांतता मोडली असती. कुणीही मोडली असती. मावशी हातात हात घेऊन उभी राहिली, जणू दिवसभर उभं राहायचीच तिची तयारी आहे.

"आई, रडू नकोस," डीटर इंग्रजीत म्हणाला. "आजपासून मी तुझ्या एकटीचा नाही. मी सगळ्यांचा आहे."

मग तो बोलत राहिला. इतकी वर्षं आत दाबून ठेवलेलं एकदम बाहेर आलं. शूटिंगचं युनिट गावात आलं तेव्हा वडील आघाडीवर होते. दिग्दर्शक अतिशय मायाळू माणूस, त्यांना भेटलेला सगळ्यांत मायाळू माणूस. त्यानं रुडीला निवडलं, त्याचं हसू बघून. वाक्य कसं म्हणायचं, मान कशी कलती करायची हे त्याला पुन्हा पुन्हा शिकवलं. धाकट्या डीटरलाही बाजूला उभ्याउभ्या ते पाठ झालं. त्यांची खरी आई दोराच्या पलीकडे उभी राहून शूटिंग बघत होती आणि तिला रडू आवरत नव्हतं. दिग्दर्शक तिच्याकडे बोट दाखवून नटीला म्हणाला होता, असं रडा, अगदी असं.

"युद्धाच्या अगदी शेवटी गावातल्या सोळा वर्षांच्या मुलांना बोलावणं आलं," डीटर म्हणाला. "पुलावर रणगाडे अडवायचे होते. पोरांनी! रुडी दारात उभा राहिला. आई रडायला लागली. आणि त्यानं मान कलती केली, हसला, आणि म्हणाला... तेच. शब्दन् शब्द तेच. तशाच आवाजात. आईला कळेना की हा आपल्याशी बोलतोय की तो सिनेमातला. तिनं त्याच्या थोबाडीत मारली. जन्मात कधी मारलं नव्हतं आम्हाला. तो लाल गाल घेऊन गेला. परत आला नाही."

इंग्रिड हळूच म्हणाली, "मला तर सांगितलं होतं की तापानं गेला..."

"मी चुलीमागे उभा होतो," डीटर म्हणाला. तिचं त्यानं ऐकलंच नसावं. "आणि मला काय वाटत होतं, ठाऊक आहे? दुःख नाही. भीतीपण नाही. मला हेवा वाटत होता. मी मनातल्या मनात ते वाक्य म्हणून बघत होतो. माझी पाळी येईल तेव्हासाठी."

इंग्रिड खुर्चीवरून उठली आणि वडिलांच्या पायाशी जमिनीवर बसली. त्यांचे मोठे हात तिनं दोन्ही हातांत धरले. बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "पुन्हा लावाल?" मावशीनं लावली. पुन्हा पुन्हा लावली. जगात त्या मुलाचा एवढाच चेहरा उरला होता, आणि तो जपून ठेवला होता त्याच सिनेमानं, ज्यानं त्याला पुलावर पाठवलं. इतकी वर्षं झाली, माझ्या बुद्धीला अजून हे पेलत नाही.

परत येताना मी मावशीला म्हटलं, "तू सांगून टाकलं असतंस तर त्याला एवढा त्रास झाला नसता." ती खिडकीबाहेर बघत होती. म्हणाली, "मी सांगितलं असतं तर ते फिल्ममधलं एक वाक्य झालं असतं. इंग्रिडनं ऐकलं असतं, 'ओह' म्हणाली असती, घरी गेली असती. आणि तो दाराशी, चुलीमागे, आणखी मरेपर्यंत उभा राहिला असता." थोड्या वेळानं म्हणाली, "पण घाबरले होते हं मी. दिसलं का?" मला दिसलं नव्हतं.

महिन्याभरानं डीटरचा पुन्हा फोन. "तुम्ही शाळांत जाता ना? मी येऊ का बरोबर?" आणि मग कित्येक वर्षं ही जोडी ऑन्टॅरिओभर फिरली. साडी-पार्कातली मावशी, सूट-टायमधला डीटर, गाडी चालवायला इंग्रिड. मावशी फिल्म दाखवायची, स्वतःचा हात वर करायची, आणि मग तो मुलांसमोर उभा राहून ते वाक्य आधी जर्मनमध्ये आणि मग इंग्रजीत म्हणायचा आणि दाराची गोष्ट सांगायचा. हेवा वाटला होता हेही सांगायचा, दर वेळी. मावशी एक प्रश्न नेहमी विचारायची, "या चित्रात कोण नाही?" मुलं सांगायची, म्हातारी माणसं नाहीत, आजारी नाहीत, काळी-सावळी नाहीत. हॅमिल्टनच्या एका शाळेत तिनं असं विचारलं तेव्हा उत्तर डीटरनंच दिलं. "आमच्या गल्लीत डॉक्टरांची मुलगी होती. ज्यू. माझ्याच वयाची. शूटिंगवाले आले त्याच्या आधीच त्या कुटुंबाला घेऊन गेले होते. त्या हिवाळ्यात मी तिच्या स्लेजवर खेळलो. कुणीतरी आम्हाला आणून दिली होती, आणि आम्ही घेतली." ही गोष्ट इंग्रिडनंही तेव्हाच पहिल्यांदा ऐकली. परतीच्या वाटेवर गाडीत मावशीनं डब्यातल्या शंकरपाळ्या पुढे केल्या म्हणे आणि त्यानं एक घेतली, एवढंच.

डीटर गेला तो महामारीच्या आधी, झोपेत. मावशी अंत्यविधीला गेली होती. तिथे तिनं काही बोलावं असं इंग्रिडनं सुचवलं तर नको म्हणाली. "त्यांनी सगळं बोलून घेतलंय." त्यानंतर फिल्म दाखवायला ती इंग्रिडबरोबर जायची. गेल्या हिवाळ्यात गुडघे फारच दुखायला लागले, तरी वॉकर घेऊन जायची. डॉक्टरनं बर्फात बाहेर पडायला मना केलं तर त्यालाच म्हणाली, "मग शाळा उन्हाळ्यात भरवायला सांगा."

ती गेली तेव्हा मिल्टनच्या शाळेतला एक कार्यक्रम ठरलेला होता. माझ्या मुलीच्या, ईराच्या शाळेत. सोळा वर्षांची झाली ईरा. शिक्षिकेनं मला हळूच विचारलं, कॅन्सल करायचं का? मी इंग्रिडला फोन केला. ती म्हणाली, "नो. मी येते." निखिलनं व्हँकूवरची फ्लाइट पुढे ढकलली. आईची फिल्म त्यानं लहानपणी एकदाच बघितली होती, तीही टेबलाखालून.

लायब्ररीत खुर्च्या मांडल्या होत्या. ईरा माझ्यापासून शक्य तितकी लांब बसली, या वयात बसतात तशी. इंग्रिडनं फिल्म लावली, आता ती लॅपटॉपवर आहे. रुडी आला, हसला, गाडी हलली. इंग्रिडनं दाराची गोष्ट सांगितली, थोबाडीत मारल्याची, चुलीमागच्या हेव्याची, स्लेजची. सांगताना तिचा आवाज फाटला नाही. मग तिनं शेवटचा तो तुकडा पुन्हा एकदा लावला आणि फिल्म संपली.

मावशीची एक पद्धत होती, संपल्यावर दिवे लगेच लावू द्यायची नाही. अंधारात मुलं खरं बोलतात, म्हणायची. शिक्षिकेचा हात बटणाकडे गेला, तशी इंग्रिड आणि मी एकदमच म्हणालो, "प्लीज, नॉट येट." आणि मग आम्ही एकमेकींकडे बघितलं. पुढे काय करायचं हे आम्हा दोघींनाही ठाऊक नव्हतं. मावशी असती तर तिला ठाऊक असतं. आम्ही नुसत्या थांबलो. कुणी खुर्ची सरकवली, कुणी खोकलं.

मागच्या रांगेतून एका मुलीचा आवाज आला. हुडी डोक्यावर ओढून बसलेली, मला तर वाटलं होतं ती सगळा वेळ फोनमध्ये आहे. "डायरेक्टरनं त्याला हसायला शिकवलं होतं, राइट? आणि मग घरून जाताना तो तसाच हसला. तर मग ते हसू कोणाचं आहे? त्याचं, की डायरेक्टरचं?"

निखिल माझ्या शेजारी होता, त्यानं माझा हात घट्ट धरला. इंग्रिड पडद्याजवळ उभी होती. तिनं उत्तर द्यायची मुळीच घाई केली नाही. त्या थांबण्यात, त्या हातात हात घेऊन उभं राहण्यात मला वसुधामावशी अगदी स्पष्ट दिसली.

"आय डोन्ट नो," इंग्रिड शेवटी म्हणाली. "आमच्याकडे तेवढं एकच हसू आहे."